मशीन तापायला हवं

माझ्या नवऱ्याला सगळे काटा म्हणतात. घड्याळातला, सेकंदाचा. तो दुसऱ्या प्रकारचाही काटा आहे, पण ते मी घरात म्हणते, बाहेर नाही. पोटापाण्यासाठी तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि शनिवारी आमच्या बँडमध्ये ड्रम मशीन वाजवतो. 'वाजवतो' म्हटलं की लोक हसतात. मशीन काय, बटण दाबलं की आपोआप वाजतं, असं त्यांना वाटतं. असं कुणी काट्यासमोर बोललं, तर तो त्याला शेजारी बसवून इतकं समजावतो की तो माणूस पुन्हा आमच्या कार्यक्रमाला फिरकत नाही.

लयीच्या बाबतीत तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही. एकदा आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता. पाणी वाया जातंय याची त्याला फिकीर नव्हती. "हा धड एका लयीत गळतसुद्धा नाही," ही त्याची तक्रार. मी कांदा चिरत असले की मागून आवाज येतो, "घाई करतेयस." मग मी सुरी त्याच्या हातात देते आणि बाहेर जाऊन बसते. कांदे तो छान एकसारखे चिरतो, हे मात्र कबूल करायला हवं.

बँडमध्ये आम्ही चौघं. मी कीबोर्डवर, काटा मशीनवर, एक गिटारवाला, आणि गायला काट्याचा मोठा भाऊ. काटा त्यांना दादा म्हणतो, मी भाऊजी. भाऊजींनी जन्मभर शाळेची बस चालवली. मागच्या बाकावरच्या पोरांना आरशात बघून दटावता दटावता त्यांचा आवाज असा तयार झाला की हॉलच्या शेवटच्या टेबलापर्यंत माइकशिवाय जावा. दर शनिवारी संध्याकाळी एका हॉटेलच्या हॉलमध्ये आम्ही वाजवतो. लोक जेवतात, मग जोडीजोडीनं नाचतात. नाचणारे बहुतेक आमच्याच वयाचे, म्हणजे गुडघ्याला विचारून पाऊल टाकणारे.

पूर्वी आमच्यात पाचवा होता, ड्रमवाला. खरेखुरे ड्रम आणि खराखुरा माणूस. वय झालं तसे शेवटच्या गाण्यांना त्याचे हात जड पडायला लागले, लय उतरायला लागली. काटा तेव्हा बोंगो वाजवायचा. त्यानं ड्रमवाल्याला आधी डोळ्यांनी सांगून पाहिलं, मग बाजूला घेऊन. शेवटी एकदा कार्यक्रमानंतर सगळे जेवत असताना तो सगळ्यांदेखत म्हणाला, "पेलत नसेल तर थांबावं माणसानं. लोकांनी काय दयेनं टाळ्या वाजवायच्या?" ड्रमवाल्यानं काठ्या पिशवीत घातल्या आणि तो गेला तो गेलाच. भाऊजी त्याच टेबलावर होते. त्यांनी मान वर न करता जेवण संपवलं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं त्या टेबलावरून सुरू झालं.

ड्रमवाल्याच्या जागी मशीन आलं. राखाडी पत्र्याची पेटी, वर नारिंगी बटणांची एक ओळ, आणि लय कमीजास्त करायला एक गोल खुंटी. काट्यानं घरी बसून, घड्याळ समोर ठेवून, एकेका गाण्याची लय बसवली आणि खुंटीभोवती पेन्सिलीनं खुणा केल्या. प्रत्येक खुणेशी गाण्याचं पहिलं अक्षर. मग हात झटकून म्हणाला, "आता चिंता मिटली. हे थकत नाही आणि चुकत नाही." त्या दिवसापासून त्यानं मनातल्या मनात मोजणंही सोडलं. मशीन मोजतंय म्हटल्यावर आपण कशाला?

मशीन हॉटेलातल्या कपाटात राहायचं आणि कपाटाची किल्ली भाऊजींकडे. भाऊजी आमच्या सगळ्यांच्या खूप आधी हॉलवर पोचायचे, मशीन बाहेर काढून चालू करायचे आणि वर स्वतःचा जाड टॉवेल पांघरून ठेवायचे. आम्ही जाईपर्यंत पेटी अशी गरम झालेली असायची की हिवाळ्यात मी तिच्यावर बोटं शेकून घ्यायचे.

काटा चिडायचा. "दादा, ते बसचं इंजिन नाहीये."

"असू दे," भाऊजी म्हणायचे. "मी ड्रायव्हर माणूस. गार गाडी मी रस्त्यावर काढत नाही. गार मशीन खरखरतं."

"कुठे खरखरतं? मला तर ऐकू येत नाही."

"तुला कुठे गायचं असतं?"

गाणाऱ्यांच्या शंभर खोडी असतात. कुणी थंड पाणी पीत नाही, कुणी डावा बूट आधी घालतो. ही त्यातलीच एक, म्हणून आम्ही सोडून दिली. अशी वर्षं गेली.

मग मशीन म्हातारं झालं. एक बटण दोनदा दाबावं लागे, एक दाबलं की वर येत नसे. एका शनिवारी भर गाण्यात त्याचा स्नेअर मुका झाला. स्नेअर म्हणजे ड्रमचा तो 'टाक्' असा कोरडा आवाज, ज्यावर नाचणाऱ्यांचं पाऊल पडतं. तो गेला आणि हॉलभर जोड्या एकमेकांच्या पायावर पाय द्यायला लागल्या. नेमकं त्याच सुमाराला कंपनीनं त्या मशीनची नवी आवृत्ती काढली होती. नाव तेच, रंग तोच, बटणं तशीच नारिंगी. फक्त आकारानं निम्मी, खुंटीच्या वर लयीचा आकडा दाखवणारी छोटी काच, आणि प्रत्येक गाण्याची लय आत साठवून ठेवायची सोय.

वाद्यांच्या दुकानात ते मशीन मांडलं त्या दिवशी गावातले सगळे वाजवणारे तिथे जमले. मी खूप वाजवणारे पाहिलेत. नव्या वाद्याबद्दल ते जे बोलतात, तेच जुन्या काळच्या सासवा नव्या सुनेबद्दल बोलायच्या. एक म्हणाला, बास ड्रमला पोट नाही. दुसऱ्याला झांजेत काच ऐकू आली. तिसऱ्यानं नुसतं बटण दाबून, आवाजही न ऐकता, मान हलवली. आमचा गिटारवाला डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "मुलगा हुशार आहे, पण घरचा वाटत नाही." यावर सगळ्यांनी वा वा केलं. दुकानदार बिचारा प्रत्येकाला सांगत होता, "अहो, आतली मांडणी तीच आहे. सवय होईल." जुनं ते सोनं म्हणायला काय जातं? त्यातल्या निम्म्यांनी मागच्या वर्षी जुन्या मशीनला शिव्या घातल्या होत्या, हे मला चांगलं आठवत होतं.

काट्यानं कुणाचंही ऐकलं नाही. नवं मशीन घरी आणलं, जुनंही हॉटेलातून घरी आणलं आणि जेवणाचं टेबल अडवून बसला. जुन्याची खुंटी पेन्सिलीच्या खुणेवर लावायची, ठोके ऐकायचे, नव्यात आकडा जुळवायचा, साठवायचं, जुनं बंद करायचं. एकेक गाणं असं उतरवलं. आम्ही भिंतीला टेकून ताटं हातात घेऊन जेवलो.

पहिल्या शनिवारी नवं मशीन लागलं. सुरुवातीपासूनच काहीतरी बिनसलं होतं. माझी बोटं धावत होती. गिटारवाल्याच्या कपाळावर आठ्या होत्या. भाऊजी दुसऱ्या गाण्यातच रुमाल काढून मान पुसायला लागले. आमचं शेवटचं गाणं ठरलेलं आहे. त्यात एक लांब ओळ आहे, जी भाऊजी एका श्वासात म्हणतात. ती ओळ आली की नाचणारे नाच थांबवून ऐकतात, म्हणूनच तर आम्हाला तिथे बोलावतात. त्या दिवशी ओळीच्या मध्येच, एका शब्दाच्या पोटात, भाऊजींचा श्वास तुटला. उरलेली ओळ माझ्या कीबोर्डनं पुरी केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कुठल्या जातीच्या होत्या ते भाऊजींना कळलं, मलाही कळलं.

मागच्या खोलीत गिटारवाला सुरू झाला, "सांगत होतो मी. जीव नाही याच्यात. गार आहे."

"गार आहे," भाऊजी म्हणाले. त्यांचा दम अजून बसला नव्हता. "मला जुनंच दे, काट्या."

"आवाज गार आहे म्हणून श्वास तुटतो?" काटा उसळला. "आवाज काय गळा दाबतो? ठोका तोच आहे. मी स्वतः जुळवलाय."

"मग ठोका तोच ठेव आणि गाणारा बदल," भाऊजी म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. खिशातून कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "पेलत नसेल तर थांबावं माणसानं."

काट्याला ते वाक्य ओळखू आलं नाही. मला आलं. भाऊजींची बायको जाऊन बरीच वर्षं झालीत, मुलगी लांब असते. शनिवार हाच त्यांचा आठवडा. शर्ट गुरुवारी इस्त्री करतात. हा माणूस शनिवारी घरी बसला तर करणार काय?

काटा मात्र हट्टाला पेटला. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणाला, रविवारी घरी या, कानांनीच ऐका. त्यानं लिफ्टच्या खटक्यांना मारतात तो फवारा मारून जुन्याचं स्नेअरचं बटण तात्पुरतं जागं केलं. सकाळी गिटारवाला आला, भाऊजीही आले. भाऊजी येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण धाकट्या भावानं बोलावलं की ते येतात, रागावलेले असले तरी. दोन्ही मशीनं टेबलावर ठेवून काट्यानं वर चादर टाकली, खाली हात घालून आधी एक वाजवलं, मग दुसरं.

"आता सांगा, घरचं कुठलं?"

गिटारवाल्यानं पुन्हा डोळे मिटले. "पहिलं. ही ऊब बघ. हेच जुनं."

चादर उचलली. पहिलं नवं होतं. काटा इतका खूश झाला की त्यानं मला टाळी दिली. गिटारवाला म्हणाला की चादरीमुळे आवाज बदलला. भाऊजींनी कुठलंच नाव घेतलं नव्हतं.

"आता लय," काटा म्हणाला. त्यानं शेवटच्या गाण्याच्या खुणेवर दोन्ही मशीनं एकदम सुरू केली. टाक्, टाक्, टाक्. दोन पेट्या आणि आवाज एक. "केसाचा फरक नाही. दादा, ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," भाऊजी म्हणाले.

मी चहा आणला. मशीनं चालूच राहिली, आवाज तेवढा काट्यानं बारीक केला. जुन्यावर चादर अर्धी पडलेली होती. चहा झाला, गिटारवाल्यानं त्याच्या मेहुण्याच्या नव्या घराची गोष्ट सांगितली, ती लांबली. मग काट्याला आणखी एकदा जिंकायची हौस आली. त्यानं दोन्ही मशीनं थांबवली, पुन्हा एकदम सुरू केली आणि आवाज मोठा केला.

पहिले काही ठोके ठीक गेले. मग टाक् फुटलं. टा-टाक्, टा-टाक्. फट वाढत गेली. नवं पुढे चाललं होतं, जुनं मागे राहत होतं, एखादा माणूस जिना चढताना मागे राहतो तसं.

"बघ!" गिटारवाला ओरडला. "नवं पळतंय!"

काट्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्याचं बोट टेबलावर आपटत होतं. घड्याळ, बोट आणि नवं मशीन एकत्र चालली होती. त्यानं जुन्याच्या पाठीवर हात ठेवला आणि चटकन उचलला. ते चांगलंच तापलं होतं. तापलं की त्याची लय उतरत होती. घरी त्यानं खुणा केल्या त्या गार मशीनवर, नव्यात लय उतरवली तीही गार मशीनवरून. हॉलमध्ये मात्र ते कधी गार वाजलंच नव्हतं.

मला टॉवेल आठवला, आणि एका श्वासातली ती लांब ओळ. मी भाऊजींकडे पाहिलं. ते रिकाम्या कपात बघत होते, कपात चहाचा थेंब नव्हता. काटाही आता त्यांच्याकडेच बघत होता. मी त्याच्याशी इतकी वर्षं संसार केलाय, त्याच्या चेहऱ्यावर काय काय उमटतं ते मला पाठ आहे, पण हे नवीन होतं. भाऊजींनी मान वर केली. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि भाऊजींचे कान लाल झाले, चोरी पकडलेल्या पोरासारखे. सत्तरीच्या घरातला माणूस तो.

आता काटा तोंड उघडणार आणि घात करणार, असं मला वाटलं. मी मनात म्हणत होते, गप्प बस रे, एकदा तरी गप्प बस.

काट्यानं दोन्ही मशीनं बंद केली. "हो," तो गिटारवाल्याला म्हणाला. "नवं पळतंय. माझी चूक. मी लय चुकीची बसवली."

गिटारवाल्याचा आ वासलेलाच राहिला. "तू? लय?"

"मी. लय."

"काट्याची लय चुकली!" त्याला आनंद आवरेना. त्यानं आपला रिकामा कपही उचलून ठेवला नाही, तसाच निघाला. दुपारपर्यंत ही बातमी गावातल्या प्रत्येक वाजवणाऱ्याच्या घरी पोचणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. भाऊजी उठले, चपला घातल्या. दारात थांबून काहीतरी बोलू पाहत होते. काटा म्हणाला, "शनिवारी ये. तोवर नीट करतो." भाऊजींनी मान हलवली आणि ते गेले.

दुपारी मी भांडी घासत होते आणि काटा पुसत होता. एकच ताट तो कितीतरी वेळ पुसत राहिला.

"मला कळलं नाही गं," तो म्हणाला. "माझ्यासमोर दर शनिवारी लय उतरत होती आणि मी मान डोलवत होतो. ड्रमवाल्याला मी काय काय बोललो."

"सगळ्यांचीच उतरत होती. माझीही."

"तुझं सोड. मी काटा आहे." मग जरा वेळानं, "आणि त्यानं मला सांगितलं नाही. भाऊ ना मी त्याचा? इतकी वर्षं टॉवेल घालून बसला, पण सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं, जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत दिलेलं. त्यानं ताट खाली ठेवलं आणि डोळे पुसले, त्याच फडक्यानं. मला त्याचा रागही आला होता आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं, आणि माझे हात साबणाचे होते.

आठवडाभर जेवणाचं टेबल पुन्हा अडलं. या वेळी त्यानं उलटं केलं. कामावरून आला की जुन्या मशीनवर टॉवेल टाकायचा, ते चांगलं तापू द्यायचं आणि मग त्याच्यावरून नव्यात एकेका गाण्याची लय उतरवायची. मधूनमधून फोन वाजायचा. दुकानदाराचा आला तेव्हा मी शेजारीच होते.

"काय काटेसाहेब, ऐकतो ते खरं का? लय सांडली म्हणे?"

"खरं आहे," काटा म्हणाला. "पळवत होतो."

पलीकडून हसण्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. काट्याचा जबडा आवळला होता, पण फोन ठेवेपर्यंत तो नीट बोलला. आयुष्यभर ज्या गोष्टीवरून त्यानं दुसऱ्यांना झोडपलं, तिच्यावरूनच आता सगळे त्याला झोडपत होते, आणि खरं तर त्याची लय बिनचूक होती. मी होते म्हणून सांगते, दुसरं कुणी सांगितलं असतं तर मीही विश्वास ठेवला नसता.

शनिवारी त्यानं मला लवकर निघायची घाई लावली. हॉल रिकामा होता, वेटर टेबलांवर चादरी घालत होते. काट्यानं घरून आणलेलं नवं मशीन मांडलं, चालू केलं. मग पिशवीतून आमचा न्हाणीघरातला लाल टॉवेल काढला आणि त्याच्यावर पांघरला.

भाऊजी आपल्या नेहमीच्या वेळेला आले, म्हणजे खूप लवकर. इस्त्रीचा शर्ट, हातात टॉवेल. आम्हाला बघून ते दारातच थबकले. मग टेबलाकडे आले.

"हे काय? नव्याला तापवावं लागत नाही ना?"

काटा वायर गुंडाळत होता. त्यानं वर पाहिलं नाही. "लागतं. गार मशीन खरखरतं."

भाऊजींनी लाल टॉवेलाला हात लावला. "ओला आहे रे हा. मशीन जाळशील." तो काढून त्यांनी खुर्चीवर वाळत घातला, आपला कोरडा टॉवेल मशीनवर घातला आणि चारही कोपरे नीट केले. काट्यानं खिशातून कपाटाची किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेऊन खिशात टाकली.

कार्यक्रम चांगला झाला. मध्यंतरात गिटारवाला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आता आला बघ याच्या आवाजात जीव! काय केलं त्यानं?" मी म्हटलं, मला त्यातलं काही कळत नाही.

शेवटचं गाणं आलं. लांब ओळ जवळ आली तशी माझी बोटं गार पडली. भाऊजींनी छाती भरून घेतली आणि ओळ उचलली. नाचणारे थांबले. शब्दामागून शब्द, कुठेही न तुटता, ओळ शेवटापर्यंत गेली, आणि तिथे त्यांनी ती आणखी थोडी धरून ठेवली.

मी काट्याकडे पाहिलं. मशीनवरच्या छोट्या काचेत आकडा लुकलुकत होता आणि काट्याचं तिकडे लक्षच नव्हतं. एक बोट लयीच्या खुंटीवर ठेवून तो दादाच्या खांद्यांकडे बघत होता, पुढचा श्वास ते कधी घेतात म्हणून.